गांडुळाला दात कधी फुटले?

काल रात्री साडेअकराला दाजींचा मेसेज आला. 'द्राक्ष बागायतदारांनो, सावधान! गवत पाळू नका' हे ते फॉरवर्ड. गेले पंधरा दिवस वेगवेगळ्या ग्रुपांवर फिरतंय आणि मी न वाचताच सोडून देत होतो. या वेळी खाली दाजींची एक ओळ होती: "आपण उगाच गवत ठेवलं का रे? उद्या मारून टाकू का?" मारून टाकू म्हणजे तणनाशक. दोन वर्षं जपलेलं ओळीमधलं गवत एका फॉरवर्डपायी जाणार म्हटल्यावर झोप उडाली.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. गवत वेलीचं पाणी आणि खत खातं. गवतामुळे भुरी, म्हणजे पानांवर पीठ भुरभुरल्यासारखी दिसणारी बुरशी, येते. गांडुळं आणि मातीतले जंतू वेलीची पांढरी मुळी कुरतडतात, म्हणून माती 'निर्जंतुक' हवी. आणि ग्लायफोसेट हे तणनाशक मातीला लागताच निष्प्रभ होतं, तेव्हा ते दर महिन्याला मारून जमीन आरशासारखी ठेवा.

आधी गांडूळच घेतो, कारण तिथे माझं डोकं सर्वात जास्त फिरलं. अहो, कुरतडायला दात लागतात. गांडुळाला दातही नाहीत आणि जबडाही नाही. ते मऊ, कुजलेला पाला मातीसकट गिळतं आणि पोटातल्या खड्यांवर दळतं. डार्विनने आयुष्याच्या शेवटी गांडुळांवर अख्खं पुस्तक लिहिलं, 1881 साली. त्याचा हिशोब असा की इंग्लंडच्या बऱ्याच भागांत एकरी 10 टनांहून जास्त माती दरवर्षी गांडुळांच्या पोटातून जाते. एवढी मशागत फुकटात करणाऱ्या गड्याला मेसेजवाला चोर ठरवतोय.

आणि 'जंतू'? वेलीची मुळं जाडसर असतात, त्यांच्यावर केसमुळं कमी. स्फुरदासारखं (फॉस्फरस) मातीत अडकून बसणारं अन्न गोळा करायला वेल मायकोरायझा बुरशीवर अवलंबून असते. बुरशीचे धागे मुळी पोचत नाही तिथवर जातात, स्फुरद आणून देतात आणि बदल्यात वेलीकडून साखर घेतात. या बुरशीला जगायला जिवंत मूळ लागतं. वेल पानं गाळून झोपलेली असते तेव्हा तिला शेजारच्या गवताच्या, चवळीच्या मुळांचा आधार मिळतो. (मोहरी पेरून मोकळे होणाऱ्यांनी ऐकावं: मोहरीच्या कुळाशी ही बुरशी जमवून घेत नाही. नुसती मोहरी या कामाची नाही.) मातीत मुळीचे शत्रूही असतात, काही सूत्रकृमी, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी, असतात, मान्य. पण बहुतेक सूत्रकृमी जिवाणू नाहीतर बुरशी खाऊन जगतात, आणि त्यांच्या त्या खाण्यातूनच वेलीला नत्र सुटं होऊन मिळतं.

माती मारून बाग वाचवायचा प्रयोग जगाने करूनही पाहिलाय. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या द्राक्षबागा फिलॉक्सेरा नावाच्या किडीने मुळापासून खाल्ल्या, तेव्हा पिचकाऱ्यांनी मातीत कार्बन डायसल्फाइड सोडलं होतं. खर्च प्रचंड, काम धोक्याचं, आणि कीड काही हटली नाही. बागा वाचल्या त्या अमेरिकन खुंटावर कलम बांधल्यामुळे.

आता ग्लायफोसेट. ते मातीच्या कणांना घट्ट चिकटतं, एवढं खरं. पण चिकटलं म्हणजे संपलं नव्हे. त्याचं विघटन कोण करतं? मातीतले जिवाणू! म्हणजे तिसऱ्या मुद्द्यात ज्यांना मारा म्हणता, त्यांच्याच भरवशावर चौथा मुद्दा उभा आहे. मेसेज लिहिणाऱ्याने निदान स्वतःचा मेसेज तरी एकदा वाचायचा.

भुरीचं दोन वाक्यांत आटोपतो. द्राक्षावरची भुरी द्राक्षाच्याच कुळात जगते, गवतावर दिसणारी भुरी वेगळ्या बुरशीची. डाऊनी म्हणजे केवडा रोगाचे बीजाणू मात्र जमिनीवर गळालेल्या पानांत टिकतात आणि पावसाच्या शिंतोड्यांबरोबर वर उडतात, म्हणजे तिथे उघडी जमीनच जास्त घातक. हां, गवत कमरेएवढं वाढू दिलं तर बागेत दमटपणा कोंडतो. म्हणून ते कापायचं असतं.

राहिला पाण्याचा मुद्दा, आणि इथे मेसेज अर्धा बरोबर आहे. नाइलाजाने कबूल करतो. नवी लागवड असेल, पाण्याची ओढ असेल, तर गवत वेलीच्या तोंडचा घास काढतं. हरळी आणि लव्हाळा तर मलाही बुंध्याशी नको. पण 'कधी कधी स्पर्धा होते' यावरून 'सगळं जाळा' कुठून निघालं? 'जर्नल ऑफ अप्लाइड इकॉलॉजी'मध्ये 2018 साली एक मोठा आढावा आला. चार खंड, 13 देश, द्राक्षबागांवरचे 74 अभ्यास. ओळींमध्ये झाड-गवत राखलेल्या बागा एकीकडे आणि नांगरून किंवा तणनाशक मारून मोकळ्या ठेवलेल्या दुसरीकडे. गवताच्या बाजूने जैवविविधता आणि निसर्ग बागेसाठी करतो ती कामं मिळून सरासरी 20 टक्के सरस निघाली. सर्वात मोठा फरक माती वाहून जाण्यात. आणि द्राक्षांचं उत्पादन किंवा दर्जा यांचा बळी द्यावा लागतो असं काही दिसलं नाही. तेव्हा 'गवत खातं' म्हणणाऱ्याने आधी हा आढावा खोडून दाखवावा.

सेंद्रियवाल्यांनीही फार हसू नये. बुरशी मारायला मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण वर्षानुवर्षं मारलं की तांबं मातीत साठत जातं, ते कुजून नाहीसं होत नाही आणि गांडुळांना ते सोसत नाही. युरोपीय संघाने उगाच सात वर्षांत हेक्टरी 28 किलोची मर्यादा घातलेली नाही.

सकाळी दाजींसाठी एक काम केलं. गवताच्या पट्ट्यातलं एक ढेकूळ आणि कडेच्या उघड्या जागेतलं एक, दोन्ही वाळलेली, पाण्याने भरलेल्या दोन काचेच्या बरण्यांत सोडली. उघड्या जागेतलं पाच मिनिटांत विरघळून तळाशी गाळ झालं, पाणी चहासारखं. गवताखालचं तासाभरानेही ढेकूळच होतं, मुळांचे केस बाहेर आलेलं, वरचं पाणी नितळ. फोटो पाठवला आणि खाली लिहिलं: बुंध्याजवळची हातभर पट्टी खुरप्याने मोकळी ठेवा, मधलं गवत गुडघ्यापर्यंत आलं की कापा, कापलेलं तिथेच पडू द्या, फवारणीचा पंप आत ठेवा.

दुपारी उत्तर आलं. "बरण्या ओतू नकोस, संध्याकाळी येतो."