मनाच्या डॉक्टरांनी पुराबद्दल बोलायचं नाही?

"मानसोपचारतज्ज्ञांनी आपले पेशंट बघावेत. हवामान बदलाची निवेदनं, मोर्चे हा त्यांचा विषय नव्हे. डॉक्टरनं तटस्थ राहावं, लोकांना घाबरवू नये. आधीच मानसोपचारतज्ज्ञ कमी, त्यात हे उद्योग कशाला? पूर येतो तो धरणांमुळं आणि अतिक्रमणांमुळं. हवामानाचं टेन्शन हे खात्यापित्या घरांचं फॅड आहे." अशा आशयाचा मेसेज सध्या कोल्हापुरातल्या बऱ्याच ग्रुपवर फिरतोय. पुढं पाठवणाऱ्यांत माझ्या ओळखीचे डॉक्टरही आहेत. मी इथं समुपदेशन करते, त्यामुळं गप्प बसणं मला पटत नाही.

आधी त्या फॅडचं बघू. चिखली, आंबेवाडी किंवा शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या एखाद्या गावात जुलैमधली एक रात्र काढा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी मोबाईलवर येत असते. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे शाळकरी पोरांनाही पाठ असतं. पाणी चढायला लागलं की रेशनकार्ड, सातबारा, पोरांचे दाखले प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर जातात. म्हातारी माणसं जनावरं कुठं हलवायची या घोरानं रात्रभर जागी. २०१९ मध्ये पातळी ५५ फुटांच्या वर गेली, २०२१ मध्ये ५६ फुटांच्या. दोन वर्षांच्या अंतरानं दोनदा घरात गाळ, दोनदा पंचनामा, दोनदा भिजलेल्या गाद्या रस्त्यावर. या भागातून जी माणसं माझ्याकडं येतात, ती हवामानाच्या गप्पा मारायला येत नाहीत. पावसाचा जोर वाढला की छातीत धडधडतं, पोटात गोळा येतो, एवढंच सांगतात. त्यांच्या तोंडावर कुणी फॅड म्हणून दाखवावं.

"हा त्यांचा विषय नव्हे" या मुद्द्यावर मात्र जरा थांबायला हवं, कारण सगळा गैरसमज तिथं आहे. भीतीची तक्रार घेऊन कुणी आलं की आम्ही आधी बघतो, या भीतीला आधार आहे का. लिफ्टला घाबरणाऱ्या माणसाला आम्ही पायरीपायरीनं लिफ्टमध्ये जायला शिकवतो, कारण लिफ्टपासून त्याला तसा धोका नसतो. पंचगंगेला घाबरणाऱ्याचं तसं नाही. त्याची भीती खरी आहे, पाणी खरंच येतं. त्याला श्वासाचे व्यायाम शिकवता येतात, झोप नसेल तर मानसोपचारतज्ज्ञ औषध देतात, त्यानं आरामही पडतो. पण पुढच्या पावसाळ्यात तोच माणूस तीच तक्रार घेऊन समोर बसतो. मग पूररेषेच्या आत भराव टाकून उठणारी बांधकामं, धरणातून सोडलेल्या पाण्याची वेळेवर न पोचणारी माहिती, रखडलेलं पुनर्वसन आणि दर वर्षी बेभरवशाचा होत चाललेला पाऊस, ही त्याच्या दुखण्याची कारणं झाली. कारण दिसत असताना त्यावर बोलायचं नाही, हे कुठल्या वैद्यकशास्त्रात बसतं?

आणि फक्त पुराचंच नाही. लिथियम हे मनोविकारावरचं औषध चालू असलेल्या पेशंटच्या अंगातलं पाणी उन्हाळ्यात कमी झालं, तर रक्तातलं औषधाचं प्रमाण वाढून विषबाधा होऊ शकते. मनोविकारांवरच्या काही औषधांनी घाम कमी येतो, शरीर स्वतःला थंड ठेवू शकत नाही. वाढत्या उन्हाळ्यात हे पेशंट आधी अडचणीत येणार. हे मानसोपचारतज्ज्ञांनी जाहीरपणे सांगायचं नाही, तर कुणी सांगायचं? जागतिक आरोग्य संघटनेनं जून २०२२ मध्येच सगळ्या देशांना सांगितलंय की हवामान बदलाच्या नियोजनात मानसिक आरोग्य धरा.

धरणं आणि अतिक्रमणं? हो, तीही कारणं आहेतच, आणि त्यांच्याबद्दल बोलणं याच कामाचा भाग आहे. पण पाऊसही बदललाय. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या टापूवर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या, आणि त्यामागं अरबी समुद्रावरून येणारं बाष्प आहे. आपल्या घाटमाथ्यावरचा पाऊसही त्याच समुद्राचा.

तटस्थतेचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, आणि त्याची मर्यादा मी पाळते. समोर बसलेल्या पेशंटला मोर्चाला चला म्हणायचं नाही, त्याची गोष्ट भाषणात वापरायची नाही, पक्षाचा झेंडा खांद्यावर घ्यायचा नाही. पण दवाखान्याबाहेर मी या गावची नागरिक आहे. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर डॉक्टरच होते. 'अंगात येणं' म्हणजे काय हे गावोगाव सांगत फिरले म्हणून त्यांचं वैद्यकीय ज्ञान बाटलं नाही. कोल्हापूरच्या वकिलांनी उच्च न्यायालयाच्या खंडपीठासाठी वर्षानुवर्षं आंदोलनं केली, तेव्हा ऑगस्ट २०२५ मध्ये सर्किट बेंच सुरू झालं. वकिलांनी फक्त अशिलं बघावीत, असं तेव्हा त्यांना कुणी ऐकवलं नाही.

घाबरवण्याबद्दल एवढंच सांगते. २०२१ मध्ये भारतासह १० देशांतल्या १६ ते २५ वयाच्या १०,००० तरुणांची पाहणी 'लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ'मध्ये आली. ५९ टक्के मुलं हवामान बदलानं खूप किंवा अतिशय चिंतेत होती. सरकार पुरेसं काही करत नाही, आपल्याला वाऱ्यावर सोडलंय, या भावनेशी त्या चिंतेचा संबंध दिसला. म्हणजे मुलं आधीच घाबरलेली आहेत, आणि मोठी माणसं हलत नाहीत हे त्यांना दिसतंय.

राहिला "मानसोपचारतज्ज्ञ कमी" हा मुद्दा. २०१९मधल्या एका अभ्यासानुसार देशात लाख लोकांमागं एकही मानसोपचारतज्ज्ञ नव्हता, प्रमाण ०.७५ होतं. इतक्या थोड्या माणसांनी पुरानंतर गावंच्या गावं तपासायची, हे होणारं नाही. म्हणून तर आजार होण्याआधी बोलायचं. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानंही प्रतिबंधाचे कार्यक्रम आखणं हे सरकारचं कर्तव्य ठरवलंय.

आमच्या निवेदनातल्या मागण्या साध्या आहेत. पूररेषेबद्दलच्या हरकतींत आमचंही म्हणणं नोंदवलं जावं. मान्सूनपूर्व आढाव्यात मानसिक आरोग्यावर बोलणारं माणूस असावं. निवारा केंद्रात फिट येण्यावरची आणि मनोविकारांची नेहमीची औषधं ठेवावीत, कारण घरातल्या गोळ्या पाण्यात गेल्या आणि औषध एकाएकी तुटलं की आजार उलटतो. ज्या डॉक्टरांना निवेदनावर सही करायला अजून संकोच वाटतो, त्यांनी निदान आपल्या नदीकाठच्या पेशंटची यादी काढावी आणि जूनमध्येच जास्तीची औषधं घरच्या जबाबदार माणसाच्या ताब्यात द्यावीत.