स्टारचा ट्रेड तोलताना आधी त्याचं वय बघा

अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये मोठा ट्रेड (संघांमधली खेळाडूंची अदलाबदल) झाला की दहा मिनिटांत फॅन्सचा निकाल तयार असतो. सगळ्यात भारी खेळाडू ज्याच्याकडे गेला, तो संघ जिंकला. मला हे गणित अजिबात पटत नाही. भारी कोण ते आजच्या तारखेला ठरवायचं आणि किंमत मात्र पुढच्या सात ड्राफ्टपर्यंत (ड्राफ्ट म्हणजे संघांनी दरवर्षी नवे खेळाडू निवडायची फेरी) मोजत राहायची, हा कुठला हिशेब?

२०१९ च्या जुलैमध्ये लॉस एंजेलिसच्या क्लिपर्सनी ओक्लाहोमा सिटीकडून पॉल जॉर्जला घेतलं. तेव्हा तो २९ वर्षांचा होता, सामन्यामागे २८ पॉइंट काढून एमव्हीपीच्या, म्हणजे सर्वोत्तम खेळाडूच्या, मतदानात तिसरा आलेला. त्याच्यासाठी ओक्लाहोमा सिटीला काय दिलं? डॅनिलो गॅलिनारी, पाच फर्स्ट राउंड पिक्स (ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत खेळाडू निवडायचे हक्क), दोन पिक स्वॅप (निवडीचा क्रम बदलून घ्यायचे हक्क) आणि एकच सीझन खेळलेला एक सडपातळ गार्ड, शे गिल्जस-अलेक्झांडर. त्या दिवशी सगळी चर्चा पॉल जॉर्ज आणि तेव्हाच क्लिपर्सकडे आलेला दुसरा स्टार कवाय लेनर्ड या जोडीची होती. ती जोडी एकदाही फायनलला पोचली नाही, आणि २०२४ मध्ये जॉर्ज फिलाडेल्फियाला निघून गेला तेव्हा क्लिपर्सना बदल्यात काहीच मिळालं नाही. इकडे त्याच पिक्समधल्या एकातून ओक्लाहोमाने २०२२ मध्ये जेलन विल्यम्स उचलला. २०२५ ची फायनल इंडियानाबरोबर २-२ अशी अडकली असताना पाचव्या सामन्यात या पोराने ४० पॉइंट ठोकले. शे त्या वर्षी लीगचाही एमव्हीपी आणि फायनलचाही. चॅम्पियनशिप ओक्लाहोमाची.

क्लिपर्सची बाजूही मला कळते. जॉर्ज आला नसता तर कवायही आला नसता, असं तेव्हा सगळेच सांगत होते. म्हणजे एका ट्रेडमध्ये दोन स्टार. तरीही २९ वर्षांच्या खेळाडूसाठी २०२६ पर्यंतचे पिक्स? त्यातला निदान शे तरी वाचवायला हवा होता.

डॅलसने तर उलटंच केलं. २०२५ च्या फेब्रुवारीत त्यांनी २५ वर्षांचा लुका डॉन्चिच लॉस एंजेलिसच्याच दुसऱ्या संघाला, लेकर्सना देऊन टाकला. सलग पाच वर्षं ऑल-एनबीए फर्स्ट टीममध्ये (लीगच्या सर्वोत्तम पाचांत) असलेला, आठ महिन्यांपूर्वीच संघाला फायनलला नेलेला खेळाडू! बदल्यात ३१ वर्षांचा, सतत दुखापतींनी बेजार असलेला अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि २०२९ चा एक पिक. एकच! काही महिने आधी न्यूयॉर्कच्या निक्सनी मिकाल ब्रिजेससाठी पाच फर्स्ट राउंड पिक्स मोजले होते, आणि ब्रिजेस ऑल-स्टार सामन्यासाठीही कधी निवडला गेला नव्हता. लुका बाजारात आहे हे बाकीच्या संघांना कळलंच नाही, मग बोली वाढणार कुठून? डेव्हिस पहिल्याच सामन्यात २६ पॉइंट आणि १६ रिबाउंड काढून जायबंदी झाला. एप्रिलमध्ये लुका डॅलसला परत आला. स्क्रीनवर त्याचा व्हिडिओ लागला, तो बेंचवर टॉवेलने डोळे पुसत होता, आणि मग त्याने ४५ पॉइंट काढले. डॅलसच्या चाहत्यांसाठी मला आजही वाईट वाटतं.

फिनिक्सबद्दल फार बोलायलाच नको. त्याआधी २०२३ मध्ये त्यांनी ३४ वर्षांच्या केव्हिन ड्युरंटसाठी हाच ब्रिजेस, कॅम जॉन्सन आणि चार फर्स्ट राउंड पिक्स दिले, आणि दोनच वर्षांत प्लेऑफच्याही (सीझननंतरच्या बाद फेरीच्या) बाहेर.

मग तयार स्टार कधीच घेऊ नये का? तसंही नाही. २०१८ मध्ये टोरांटोने कवायला घेतलं तेव्हा आदल्या सीझनमध्ये तो फक्त नऊ सामने खेळला होता आणि वर्षभरात सोडून जाऊ शकत होता. पण टोरांटोचा संघ तयार होता, लागोपाठ तीन वर्षं त्यांना प्लेऑफमधून बाहेर काढणारा लेब्रॉन जेम्स नुकताच लॉस एंजेलिसला गेला होता, आणि किंमत होती डिमार डरोझन, याकोब पोल्टल आणि एक पिक. सोबत डॅनी ग्रीनही मिळाला. प्लेऑफमध्ये फिलाडेल्फियाविरुद्धच्या निर्णायक सातव्या सामन्यात शेवटच्या क्षणी कोपऱ्यातून मारलेला कवायचा तो बॉल रिंगवर चार वेळा उडाला आणि आत पडला. पुढे चॅम्पियनशिप. कवाय त्याच उन्हाळ्यात गेलाही, पण संघाचं भविष्य गहाण पडलं नव्हतं.

यात डरोझनचं मात्र वाईट झालं. नऊ वर्षं त्या शहराशी एकनिष्ठ राहिलेला माणूस. टोरांटोचा तेव्हाचा संघप्रमुख मसाई उजिरीने नंतर त्याची जाहीर माफी मागितली. उजिरीच्या जागी मी असतो तरी हा ट्रेड केलाच असता, फक्त डरोझनला काय चाललंय ते आधी स्पष्ट सांगितलं असतं.