लिदित्सेने कुणालाही लपवलं नव्हतं

जून उजाडला की तो फॉरवर्ड येतोच. वर एक जळतं गाव, खाली मजकूर: "चेक देशातील डोंगरकपारीत वसलेल्या लिडिस या चिमुकल्या गावाने हिटलरच्या उजव्या हाताला मारणाऱ्या वीरांना आसरा दिला. त्याची शिक्षा म्हणून एका रात्रीत अख्खं गाव, बायकामुलांसकट, गोळ्या घालून संपवण्यात आलं. जगाला कानोकान खबर लागू दिली नाही. गाव नकाशावरून कायमचं पुसलं गेलं. आज तिथे फक्त ओसाड माळ आहे." शेवटी हात जोडलेल्यांची रांग.

पाठवणाऱ्याच्या भावनेवर शंका नाही, पण यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकलं आहे. पहिलं वाक्य तर असं चुकलं आहे की वाईट वाटावं.

आधी किरकोळ गोष्टी. नाव लिदित्से, शेवटचा उच्चार 'आमचं'मधल्या 'च'सारखा. डोंगरकपार वगैरे काही नाही. प्रागपासून जेमतेम 20 किलोमीटर, उथळ दरीतलं, ओढ्याकाठचं हे गाव. बरेचसे पुरुष शेजारच्या क्लाद्नो शहरात कोळशाच्या खाणीत नाहीतर पोलादाच्या कारखान्यात कामाला जायचे. पाचशेच्या आसपास वस्ती, बरोक शैलीतलं सेंट मार्टिनचं चर्च, शाळा, एक तळं.

आता आसऱ्याचं. फॉरवर्डमधला 'हिटलरचा उजवा हात' म्हणजे राइनहार्ड हायड्रिश, व्यापलेल्या चेक प्रदेशाचा नाझी कारभारी. त्याच्यावर हल्ला झाला 27 मे 1942 ला, प्रागमध्ये. हल्लेखोर योझेफ गाबचीक आणि यान कुबिश हे इंग्लंडमधून विमानाने येऊन पॅराशूटने उतरलेले चेकोस्लोव्हाक सैनिक. 4 जूनला हायड्रिश मेला. या सगळ्या काळात ते दोघे लिदित्सेत राहिले नव्हते. शेवटी ते प्रागमध्येच, रेसलोवा रस्त्यावरच्या चर्चच्या तळघरात होते. तिथे जर्मन पोहोचले 18 जूनला, आणि तेही कारेल चुर्दा नावाचा त्यांच्यातलाच एक सैनिक 16 जूनला फितूर झाला म्हणून. लिदित्से जाळलं 10 जूनला. तारखा नीट लावून बघा: गाव जाळलं त्या दिवशी हल्ला कुणी केला हेच गेस्टापोला, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांना, ठाऊक नव्हतं. मग गावाने त्यांना लपवलं हे कुठून कळलं?

एका प्रेमपत्रावरून. तेही बायको असलेल्या माणसाने प्रकरण संपवायला लिहिलेल्या पत्रावरून. स्लानी गावातल्या एका कारखान्यात काम करणाऱ्या मुलीला तिच्या प्रियकराने चिठ्ठी पाठवली. आपण काहीतरी मोठं गुप्त काम केलंय, आता भेट होणार नाही, असा काहीसा आव आणलेली. कारखान्याच्या मालकाने ती फोडली आणि पोलिसांकडे दिली. चौकशीत मुलीच्या तोंडून लिदित्सेच्या होराक कुटुंबाचं नाव आलं. होराकांचा मुलगा आणि स्त्रिब्रनींचा मुलगा असे गावातले दोन तरुण देश सोडून ब्रिटनमध्ये सैन्यात गेले होते, एवढाच काय तो धागा. हायड्रिशच्या हल्ल्याशी त्या दोघांचाही संबंध नव्हता. गेस्टापोने गावात येऊन झडती घेतली, पण काही सापडलं नाही. पत्र लिहिणारा निव्वळ फुशारक्या मारत होता, हेही उघड झालं.

तरीही 9 जूनला, बर्लिनमध्ये हायड्रिशच्या अंत्यविधीच्या दिवशी, हिटलरचा हुकूम निघाला. चेक प्रदेशातल्या नाझी पोलिसांचा प्रमुख के. एच. फ्रांक याने तो प्रागला फोनवर कळवला: पुरुषांना गोळ्या, बायकांना छळछावणी, जर्मन करता येतील अशी मुलं जर्मन घरांत, गाव जमीनदोस्त. गुन्हेगार सापडत नाही म्हणून हाताशी लागलेला माणूस फासावर द्यायचा, असा हा प्रकार. गावाने मारेकऱ्यांना मदत केली हे वाक्य पहिल्यांदा छापलं तेही नाझींनीच, त्यांच्या अधिकृत निवेदनात. आपला फॉरवर्ड तेच उचलून त्यावर फुलं वाहतो.

"अख्खं गाव गोळ्या घालून" हेही खरं नाही, आणि जे झालं ते त्याहून हलकं होतं असं मुळीच नाही. होराकांच्या वाड्यात पुरुषांना आणलं. गावातल्याच घरांतल्या गाद्या काढून भिंतीला टेकवल्या, गोळ्या दगडावर आपटून उलट येऊ नयेत म्हणून. आधी पाच-पाच, मग काम लवकर उरकत नाही म्हणून दहा-दहा. त्या दिवशी 173 जण मारले, त्यांत गावचे म्हातारे पाद्री योझेफ श्टेम्बेर्काही होते. प्रेतं पुरायला तेरेझीनच्या छावणीतून 30 ज्यू कैदी आणले. रात्रपाळीला गेलेले किंवा बाहेर असलेले पुरुष नंतर शोधून मारले. होराक आणि स्त्रिब्रनी या दोन घरांतली 15 माणसंही प्रागमध्ये गोळ्या घालून संपवली.

बायकांना क्लाद्नोच्या शाळेत नेलं, तिथे मुलं हिसकावून घेतली आणि आयांना राव्हेन्सब्रुकच्या छावणीत पाठवलं. आपले नवरे मेले आहेत आणि घरं उरलेली नाहीत, हे त्यांतल्या बहुतेकींना तीन वर्षांनी, युद्ध संपून परत आल्यावर कळलं. 143 बायका परतल्या. 82 मुलांना पोलंडमधल्या हेल्मनो इथे विषारी वायूने मारलं होतं. 17 मुलं मिळाली, काही जर्मन घरांतून शोधून काढलेली. एक मुलगी आजारी आईसमोर उभी राहिली तेव्हा तिला चेक बोलता येत नव्हतं. तिला फक्त जर्मन येत होतं.

एकूण बळी 340: 192 पुरुष, 60 बायका, 88 मुलं.

या सगळ्यातून एक पुरुष वाचला, त्याची गोष्ट कुणी फॉरवर्ड करत नाही, कारण ती शोभिवंत नाही. भांडणात त्याच्या हातून स्वतःचा मुलगा मारला गेला होता आणि तो 1938 पासून तुरुंगात होता. डिसेंबर 1942 मध्ये सुटला आणि चालत घरी आला. घर कुठे आहे तेच सापडेना.

"जगाला खबर लागू दिली नाही" याचं तर नवल वाटतं. इतर ठिकाणी नाझींनी खुणा पुसल्या. लिदित्सेची मात्र त्यांनी रेडिओवरून दवंडी पिटली. दहशत बसवणं हाच हेतू होता. गाव उद्ध्वस्त करतानाची फिल्मही काढली. पुढे न्युरेंबर्गच्या खटल्यात तीच त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून दाखवली गेली. फ्रांकला 1946 मध्ये प्रागमध्ये फाशी झाली. बातमी पसरल्यावर अमेरिकेत इलिनॉयमधल्या एका वस्तीने आणि मेक्सिको सिटीच्या एका भागाने लिदित्सेचं नाव घेतलं. लॅटिन अमेरिकेत मुलींची नावं लिदित्से ठेवली गेली. इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंटमध्ये डॉ. बार्नेट स्ट्रॉस यांनी 1942 मध्येच 'लिदित्से जगेल' ही मोहीम काढली, आणि तिला पैसे दिले ते मुख्यतः तिथल्या खाणकामगारांनी. खाणकामगारांच्या गावासाठी खाणकामगार.

राहता राहिला नकाशा. पुसायचा प्रयत्न कसून झाला, यात वाद नाही, पण तो एका रात्रीचा नव्हता. जाळल्यावर भिंती सुरुंगाने उडवल्या, दफनभूमी उकरली, तळं बुजवलं, ओढ्याचा प्रवाह वळवला. काम 1943 पर्यंत चाललं. आज मात्र लिदित्से आहे. नव्या गावाची पायाभरणी जून 1947 मध्ये झाली, जुन्या जागेपासून सुमारे 300 मीटरवर. परत आलेल्या बायका तिथे राहायला गेल्या. ग्रामपंचायत आहे, बस येते. जुनी जागा मुद्दाम मोकळी ठेवलेली आहे: हिरवळीत चर्चचा आणि होराकांच्या वाड्याचा पाया दिसतो, सामूहिक थडग्यावर लाकडी क्रूस आहे, आणि त्या सगळ्यातून तगलेलं नासपतीचं एक झाड. दोन्हींच्या मध्ये 1955 मध्ये फुलवलेली गुलाबबाग. मारी उखितिलोवा यांनी 82 मुलांचे पुतळे घडवायला घेतले, 42 मुली आणि 40 मुलगे. त्या 1989 मध्ये गेल्या. उरलेलं काम त्यांच्या पतीने पुढे नेलं. ओसाड माळ म्हणे!

मग आसऱ्याची ही गोष्ट निव्वळ हवेतून आली का? अगदीच नाही. पार्दुबित्से शहराच्या दक्षिणेला लेझाकी नावाची एक वाडी होती, गिरणीभोवतीची मोजकी घरं. गाबचीक आणि कुबिश ज्या विमानातून आले त्याच विमानातून उतरलेल्या दुसऱ्या तुकडीचा 'लिबुशे' नावाचा रेडिओ ट्रान्समीटर त्या भागातून लंडनशी बोलत होता, आणि लेझाकीच्या लोकांनी त्या सैनिकांना खरोखर मदत केली होती. 24 जून 1942 ला वाडी जाळली. 33 प्रौढांना त्याच रात्री पार्दुबित्सेत गोळ्या घातल्या; इथे बायकांनाही सोडलं नाही. मुलांपैकी दोन बहिणी तेवढ्या परत आल्या.

लेझाकी पुन्हा बांधली नाही. जिथे घर होतं तिथे दगडी खूण उभी केली आहे. या खुणांना चेक भाषेत 'ह्रोबोदोमी' म्हणतात. ह्रोब म्हणजे थडगं, दूम म्हणजे घर.