‘ताकदवानच लॅपटॉप घ्या’ हा सल्ला कुठे चुकतो

नवा लॅपटॉप घेण्याचा विषय निघाला की एक सल्ला हमखास पुढे पाठवला जातो. त्याचे शब्द थोडेफार बदलतात, आशय मात्र तोच राहतो: खिशाला झेपेल त्यातला सर्वांत ताकदवान लॅपटॉप घ्यावा, कारण तो जास्त वर्षे चालतो, इंटेलच्या प्रोसेसरांत आय५ पेक्षा आय७ केव्हाही सरस असतो, ताकदवान लॅपटॉप हलक्या कामालाही वापरता येतो, उलट मात्र होत नाही, शिवाय त्याची बॅटरीही मोठी असते, प्रोग्रॅमिंग किंवा अभियांत्रिकी शिकणाऱ्याला वेगळे ग्राफिक्स कार्ड लागतेच, आणि कमी किमतीचा हलका लॅपटॉप दोन वर्षांत रडू लागतो. यांपैकी शेवटच्या विधानात बरेच तथ्य आहे, पण दुबळा प्रोसेसर हे त्याचे जे कारण धरले जाते ते खरे नाही. बाकीची विधाने तपासायला घेतली की एकेक करून ढिली पडतात.

ताकदवान लॅपटॉप जास्त वर्षे चालतो, या विधानावर सल्ल्याचा सगळा डोलारा उभा आहे. लॅपटॉप नकोसा होण्याची नेहमीची कारणे पाहिली तर प्रोसेसर कमी पडणे हे त्यांतले केवळ एक आहे. बॅटरी टिकेनाशी होते, बिजागरी सैल होते, रॅम अपुरी पडू लागते आणि ती वाढवण्याची सोय नसते, किंवा ऑपरेटिंग सिस्टिमचा पाठिंबा संपतो. या शेवटच्या कारणाचे उदाहरण ताजे आहे. विंडोज ११ ही ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आली, तेव्हा मायक्रोसॉफ्टने कोणते प्रोसेसर तिला चालतील याची यादी दिली. इंटेलचा आय७-७७००एचक्यू हा चार कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग), ४५ वॅटचा प्रोसेसर २०१७च्या आरंभी आला होता आणि त्या काळच्या अनेक महागड्या गेमिंग लॅपटॉपमध्ये तोच बसवलेला असे. तो या यादीत नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस आलेला सेलेरॉन एन४०००, म्हणजे दोन कोअरचा, ६ वॅटचा आणि अगदी स्वस्त यंत्रांत बसणारा प्रोसेसर, यादीत आहे. विंडोज १०चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा कागदोपत्री मागे पडला तो ताकदवान लॅपटॉप. तो सेलेरॉन वापरायला सुखद होता असे मुळीच म्हणायचे नाही, आणि जुन्या यंत्रावर लिनक्स टाकून ते पुढे वापरणारेही पुष्कळ आहेत. पण आज जास्त ताकद विकत घेतली म्हणजे उद्याची हमी मिळाली, हा हिशेब त्या यादीने मोडीत काढला, कारण यादी ठरवताना ताकद हा निकषच नव्हता.

याला उष्णतेची बाजूही आहे. लिथियम-आयन बॅटरी उष्णतेत लवकर म्हातारी होते, आणि सतत पूर्ण भरलेल्या अवस्थेत ठेवली तरीही होते. भारी लॅपटॉप बहुधा टेबलावर, चार्जर लावूनच वापरला जातो आणि चांगला तापतो, म्हणजे दोन्ही गोष्टी त्याच्या वाट्याला एकदमच येतात. चार्ज ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय अनेक कंपन्या देतात ती यासाठीच. ती सुरू करण्याचा सल्ला मात्र पुढे पाठवल्या जाणाऱ्या मजकुरात कधी दिसत नाही. पंख्यांत धूळ साचणे, प्रोसेसरची उष्णता बाहेर न्यायला मदत करणारी थर्मल पेस्ट वाळणे हे प्रकारही जास्त वॅट पिणाऱ्या यंत्राला अधिक जाचतात. तेव्हा आयुष्यासाठीच जादा पैसे मोजायचे असतील तर ते ८ ऐवजी १६ जीबी रॅमवर आणि बदलता येणाऱ्या एसएसडीवर, म्हणजे वेगवान साठवणीवर, मोजावेत.

आता आय५ आणि आय७. हे आकडे एकाच पिढीत, एकाच वॅटच्या वर्गात तुलना करण्यापुरते उपयोगी आहेत. त्याबाहेर ते दिशाभूलच करतात. २०१६ सालच्या आय७-७५००यू मध्ये दोन कोअर होते. पुढच्याच वर्षी आलेल्या आय५-८२५०यू मध्ये, तितक्याच १५ वॅटमध्ये, चार. नावावर विश्वासून जुना आय७ घेणाऱ्याने निम्मे कोअर घेतले. इंटेलची स्पर्धक असलेल्या एएमडीकडेही निराळे चित्र नाही: रायझन ५ ७५२०यू हे नाव वाचून २०२२-२३ची नवी रचना डोळ्यांसमोर येते, पण आत झेन २, म्हणजे २०१९ सालची रचना आहे. त्या मालिकेत रचना कोणती हे तिसरा अंक सांगतो, आणि सामान्य ग्राहकाने हे ओळखावे अशी अपेक्षा ठेवणे हा, माझ्या मते, निव्वळ उद्धटपणा आहे.

एकाच पिढीतली तुलना तर अधिक बोलकी आहे. आय५-१२३५यू हा १५ वॅट मूळ क्षमतेचा, पातळ लॅपटॉपसाठीचा प्रोसेसर आहे. आय७-१२७००एच हा ४५ वॅटचा, भारी लॅपटॉपसाठीचा. पहिल्याचा एक कोअर जास्तीत जास्त ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, दुसऱ्याचा ४.७ पर्यंत. वेब पाने उघडणे, पत्रे लिहिणे, साधी कोष्टके हाताळणे ही कामे बहुतांशी एका कोअरच्या चपळाईवर चालतात, आणि तिथे या दोघांतला फरक हाताला जाणवण्याइतका नसतो. फरक पडतो तो सर्व कोअर दीर्घकाळ राबवणाऱ्या कामात: व्हिडिओ रूपांतरित करणे, मोठा प्रकल्प कंपाइल करणे (लिहिलेल्या प्रोग्रॅमचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणे), त्रिमितीय चित्र रेंडर करणे. मग पहिल्यातले १० कोअर आणि दुसऱ्यातले १४, तसेच थोड्या वेळासाठी ५५ वॅट आणि ११५ वॅट ओढण्याची त्यांची मुभा, हे अंतर खरोखर दिसते. पण तेही यंत्राला ती उष्णता बाहेर टाकता आली तरच. प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचला की स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो, आणि म्हणून पातळ खोक्यात कोंबलेला आय७ मोकळी हवा मिळणाऱ्या आय५च्या मागे पडल्याचे आश्चर्य वाटायला नको. वेग वाढवायला व्होल्टेज वाढवावे लागते, आणि वीज लागते ती व्होल्टेजच्या वर्गाच्या व वेगाच्या गुणाकाराच्या प्रमाणात. त्यामुळे शेवटची थोडीशी चपळाई सर्वांत महाग पडते, विजेतही आणि पंख्याच्या आवाजातही.

ग्राफिक्स कार्डांच्या नावांत तर हा घोळ कळसाला पोहोचला आहे. एन्व्हिडियाचे आरटीएक्स ४०६० हे लॅपटॉपमधले कार्ड कंपनीच्या मर्जीने ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कुठेही बसवता येते, आणि खोक्यावर नाव एकच राहते. लॅपटॉपमधल्या आरटीएक्स ४०९० मध्ये डेस्कटॉपच्या ४०९० ची नव्हे, तर ४०८० मध्ये वापरलेली चिप आहे, आणि २४ ऐवजी १६ जीबी मेमरी. सर्वांत ताकदवान घ्या असे सांगणाऱ्याने ताकद नावावरून मोजावी की वॅटवरून, हे आधी सांगायला हवे.

ताकदवान लॅपटॉप हलक्या कामालाही चालतो, हे विधान तांत्रिकदृष्ट्या खोटे नाही. फक्त त्यात वाहून नेण्याचा विचार नाही. असा लॅपटॉप साधारण सव्वादोन ते पावणेतीन किलोचा असतो, आणि त्याचा दोनशे वॅटच्या वरचा अ‍ॅडॅप्टर अर्धा किलो किंवा त्याहून अधिक भरतो. तोही सोबत न्यावा लागतो, कारण यूएसबी-सी चार्जर बहुधा त्याला पूर्ण वेगाने चालवू शकत नाही. मोठ्या बॅटरीचा मुद्दा साध्या भागाकाराने निकाली निघतो. समजा एका यंत्राची बॅटरी ९० वॅट-तासांची आहे आणि हलक्या कामात ते १५ वॅट ओढते. ते ६ तास चालेल. दुसऱ्याची बॅटरी ५० वॅट-तासांचीच आहे, पण ते ६ वॅटवर भागवते. ते ८ तासांपलीकडे जाईल. बॅटरी वाटेल तितकी मोठी करण्याची सोयही नाही, कारण विमानात विशेष परवानगीशिवाय नेता येणाऱ्या बॅटरीची मर्यादा १०० वॅट-तास आहे, आणि म्हणूनच सर्वांत भारी लॅपटॉपही ९९ च्या आसपास थांबतात. त्यात चार्जर काढला की पूर्ण ताकद मिळतच नाही. २०० वॅट ओढणाऱ्या यंत्राला ९० वॅट-तासांची बॅटरी अर्धा तासही पुरणार नाही, म्हणून ते बॅटरीवर असताना स्वतःला आवरते. याचा अर्थ असा की ज्या ताकदीसाठी ओझे वाहायचे, ती भिंतीतल्या सॉकेटपासून दूर गेल्यावर सोबत नसते.

हलके म्हणजे दुबळे हे समीकरणही आता जुने झाले आहे. अ‍ॅपलने नोव्हेंबर २०२० मध्ये एम१ चिपचा मॅकबुक एअर आणला, त्यात पंखाच नव्हता, आणि तरीही रोजच्या कामात तो त्या वेळच्या कितीतरी जाड लॅपटॉपना पुरून उरला. तो कमी किमतीच्या वर्गातला नव्हता हे मान्य. तरी वजन आणि वेग यांचे नाते सल्ल्यात गृहीत धरले आहे तितके सरळ नाही, एवढे त्यावरून दिसते.

प्रोग्रॅमिंगला ग्राफिक्स कार्ड लागते, हा मुद्दा लवकर संपतो. कंपाइल करणे, वेबसाइट बांधणे, डेटाबेस चालवणे ही कामे प्रोसेसर, रॅम आणि एसएसडीवर चालतात. वेगळे ग्राफिक्स कार्ड तेव्हा झोपलेले असते. अपवाद खरे आहेत: कूडा (एन्व्हिडियाच्या कार्डावर गणिते करून घेण्याची प्रणाली) वापरणारे यंत्रशिक्षण, जड त्रिमितीय आराखडे, गेम बनवणे. मात्र तिथेही ग्राफिक्स मेमरी आड येते. ७ अब्ज प्राचलांचे (पॅरामीटरचे) भाषा-प्रारूप, म्हणजे चॅटबॉटमागचे मॉडेल, दर प्राचलाला ४ बिट देऊन बसवले तर साडेतीन जीबीच्या वर जागा लागते, म्हणजे ८ जीबीच्या कार्डावर ते मावते; ७० अब्जांच्या प्रारूपाला ३५ जीबी लागतील, आणि २०२५ सालच्या लॅपटॉपमधल्या आरटीएक्स ५०९० मध्येही २४ जीबीच आहेत. जे काम लॅपटॉपमधल्या अशा कार्डाच्या मेमरीत मावणारच नाही, त्याच्या नावाने भारी लॅपटॉप घेण्यात हशील नाही.

स्वस्त लॅपटॉप दोन वर्षांत रडतो, यात तथ्य आहे असे आरंभी म्हटले. रडतो तो बहुधा प्रोसेसरमुळे नव्हे. ४ जीबी रॅम मदरबोर्डावरच सोल्डर केलेली असते. एसएसडीच्या जागी ईएमएमसी ही स्वस्त, संथ साठवण असते, जिच्या जोडणीची कमाल मर्यादाच सेकंदाला ४०० एमबी आहे, तर पीसीआयई ३.० जोडणीची एनव्हीएमई प्रकारची एसएसडी साडेतीन हजार एमबीपर्यंत जाते. पडदा २५० निट्सचा (निट हे उजळपणाचे माप), रंगांच्या बाबतीत एनटीएससी या रंगपट्ट्याच्या ४५ टक्के एवढाच, म्हणजे फिकट. विंडोज ११ची किमान अट ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण अशी आहे, पण ती अट सिस्टिम बसवण्यापुरती आहे, आणि विक्रेते ती काम करण्यापुरती असल्यासारखी सांगतात. ८ जीबी रॅम आणि रॅमसाठी दुसरा मोकळा स्लॉट, एनव्हीएमई एसएसडी, आयपीएस पडदा (कोनातूनही रंग नीट दिसणारा) आणि मागच्या तीनेक वर्षांतला १५ वॅटचा प्रोसेसर एवढे असलेला हलका लॅपटॉप या तक्रारीत सहसा सापडत नाही. मोकळ्या स्लॉटचा आणखी एक लाभ असा की दुसरी रॅम बसवली की मेमरी दोन वाहिन्यांनी चालते आणि प्रोसेसरमधले अंगभूत ग्राफिक्स चांगलेच सुधारते. खरेदीपूर्वी रॅम सोल्डर केलेली आहे का, एवढा एक प्रश्न विचारला तरी निम्मे वाईट पर्याय गळतील.

उरतात ते ज्यांना ताकद खरोखर लागते: रोज व्हिडिओ संपादन करणारे, त्रिमितीय काम करणारे, नवे गेम खेळणारे. त्यांनी भारी लॅपटॉप जरूर घ्यावा, पण कार्डाचे वॅट आणि ग्राफिक्स मेमरी वाचून, आणि अर्धा तास सलग ताणल्यावर त्या मॉडेलचा वेग किती टिकतो याची चाचणी पाहून. हे काम एकाच टेबलावर होत असेल, तर डेस्कटॉप आणि सोबत साधा हलका लॅपटॉप ही जोडी पुष्कळदा तेवढ्याच खर्चात बसते, आणि डेस्कटॉपमधले कार्ड पुढे बदलता येते. लॅपटॉपमधले बहुतेक वेळा बदलता येत नाही.