मूळव्याध, मावशी आणि हृदयाची झडप

नमस्कार. ‘शौचावाटे रक्त गेलं तर बहुतेकांना मूळव्याधच असते. हाइड सिंड्रोमचं खूळ काढून म्हाताऱ्यांना कशाला घाबरवता? आणि हृदयाच्या झडपेचा आतड्याशी काय संबंध?’ असं तुम्ही माझ्या हाइड सिंड्रोमवरच्या लेखाबद्दल लिहिलंत. (हाइड सिंड्रोम म्हणजे हृदयाची झडप अरुंद होणं आणि आतड्यातून रक्त जाणं, दोन्ही एकत्र.)

मूळव्याधीचं मान्य. मावशीलाही होती, आणि गोची तिथेच झाली. कोंब दिसले, शोध संपला. हिमोग्लोबिन मात्र दर तीन-चार महिन्यांनी सहावर. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळं होतंच, म्हणून काळं दिसलं तरी कुणी दचकलं नाही. जिना चढताना दम लागायचा, तोही रक्त कमी म्हणून. दोन वर्षांत तीनदा रक्त चढवलं. शेवटी एका शिकाऊ डॉक्टर मुलीने छातीला स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ उचललाच नाही : अरुंद झडपेचा आवाज येत होता.

आता संबंध. १९५८ साली एडवर्ड हाइड या अमेरिकन डॉक्टरांनी एका वैद्यकीय नियतकालिकाला छोटंसं पत्र लिहिलं : महाधमनीची (हृदयातून शरीराला रक्त नेणाऱ्या मुख्य वाहिनीची) झडप कॅल्शियम साचून अरुंद झालेले दहा रुग्ण, सगळ्यांना पोटातून मोठा रक्तस्राव, कारण सापडत नाही. ते पुढे उमगलं. रक्त थांबवायला वॉन विलेब्रँड नावाचं प्रथिन लागतं, लांबलचक साखळीसारखं. अरुंद झडपेतून रक्त जोरात घुसताना ही साखळी ताणून उलगडते आणि रक्तातलंच एक विकर (एन्झाइम) तिचे तुकडे करतं. तुकड्यांनी गळती नीट बुजत नाही. त्यात उतारवयात मोठ्या आतड्यात, बहुधा उजवीकडे, नाजूक फुगीर रक्तवाहिन्यांची जाळी होतात : अँजिओडिस्प्लेशिया. मावशीचं कोलोनोस्कोपीत (मोठ्या आतड्याच्या दुर्बीण-तपासणीत) मी पडद्यावर पाहिलं. मुगाएवढा लालबुंद ठिपका, कडेने नेच्याच्या पानासारख्या रेघा. एवढ्याशाने बाईला जेरीस आणलं!

एक चूक मात्र तुम्ही बरोबर पकडलीत. ‘झडप बदलली की रक्त थांबतं’ असं मी ठोकून दिलं होतं. मावशीचं थांबलं, बहुतेकांचं थांबतं, सगळ्यांचं नाही. जाळी तिथेच असतात. काहींना पुन्हा त्रास होतो. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे.

घाबरवण्याचा आरोप मात्र घेणार नाही. हा आजार विरळा आहे, हे मी मूळ लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय. पण शेवटच्या ओळीत तुम्ही सहज म्हणालात की वडील अठ्ठ्याहत्तरचे आहेत आणि वर्षभर लोहाच्या गोळ्या चालू आहेत. त्यांच्या छातीला शेवटचा स्टेथोस्कोप कधी लागला?