ग्रीन कार्डवाल्यांनो, हे तुमच्याही कामाचं आहे

फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेचं लष्करी विमान हद्दपार केलेल्या १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं, तेव्हा इथे न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच सूर होता. "आम्ही रांगेत उभे राहून आलो, हे मागच्या दाराने घुसले. भोगा आता." त्या विमानात महाराष्ट्रातलेही तिघं होते हे कळल्यावर आवाज थोडा खाली आला, एवढंच.

कोणाला ठेवायचं आणि कोणाला परत पाठवायचं, यावर आज भांडायचं नाहीये. ते ठरवताना माणसाची बाजू मांडायला कुणी असतं का, हा माझा मुद्दा.

इथे दरोड्याचा खटला चालला आणि आरोपीकडे पैसे नसले तर सरकार वकील देतं. सुप्रीम कोर्टाच्या १९६३ च्या गिडियन निकालापासून तो हक्क आहे. डिपोर्टेशन, म्हणजे देशाबाहेर काढणं, मात्र कायद्याच्या नजरेत दिवाणी बाब. वकील हवा तर स्वतःच्या खर्चाने आणा. सरकारतर्फे वकील उभा, न्यायाधीशही न्याय खात्याचाच नोकर, आणि समोर इंग्रजी न कळणारा माणूस एकटा. कधी कधी तर लहान मूल.

न्यूयॉर्कने २०१३ मध्ये एक प्रयोग केला. डिपोर्टेशनच्या केसमध्ये अटकेत असलेल्या गरिबांना वकील द्यायचा, केस भक्कम आहे की लंगडी हे न बघता. पुढे न्यायव्यवस्थेचा अभ्यास करणाऱ्या व्हेरा संस्थेने हिशोब मांडला. वकील नसताना जेमतेम ४ टक्के लोक जिंकत होते, ते प्रमाण ४८ टक्क्यांपर्यंत जाईल असा त्यांचा अंदाज निघाला. म्हणजे इथे राहायचा कायदेशीर हक्क असलेली कितीतरी माणसं, केवळ तो मांडता न आल्यामुळे, आधी परत जात होती.

पण कुठलाही काळा कोट चालत नाही. होजे पडिया हा मूळचा होंडुरासचा, ग्रीन कार्डवाला, व्हिएतनाम युद्धात अमेरिकेच्या सैन्यात होता. गांजाच्या वाहतुकीच्या प्रकरणात त्याचा वकील म्हणाला, इतकी वर्षं इथे आहेस, काळजी करू नकोस, गुन्हा कबूल कर. त्या कबुलीमुळेच त्याच्यावर डिपोर्टेशनची पाळी आली. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा धोका अशिलाला समजावणं वकिलाचं कर्तव्यच आहे. त्या वकिलाची नियत वाईट असेल असं मला वाटत नाही. त्याला हा कायदा येत नव्हता.

हा कायदा शिकावाच लागतो. मायदेशी छळाची भीती असेल तर करायचा आश्रयाचा अर्ज साधारणपणे अमेरिकेत आल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. तारीख हुकली की सुटका कठीण. जबानीत आणि अर्जात तफावत दिसली की माणूस खोटारडा ठरू शकतो. आता आपल्याकडचा शेतकरी तारीख कशी सांगतो? "गणपतीच्या आधी, पेरण्या आटोपल्यावर." शिवाय ५/२ हा आपला पाच फेब्रुवारी, यांचा दोन मे. अशा गोष्टी हेरणं, मारहाण सोसलेल्या माणसाला घाई न करता बोलतं करणं, उलटतपासणीची तालीम घेणं, हे काही नुसत्या पदवीने येत नाही.

न्यायाधीश रॉबर्ट कॅट्झमन यांनी हे ओळखलं. त्यांचे वडील नाझी जर्मनीतून आलेले निर्वासित. त्यांच्या पुढाकारातून २०१४ मध्ये 'इमिग्रंट जस्टिस कॉर्प्स' सुरू झाली: ताज्या लॉ ग्रॅज्युएट्सना घ्यायचं, तयार करायचं आणि थेट या केसेसवर बसवायचं. आणि वकीलच हवा असंही नाही. मान्यताप्राप्त संस्थेत काम करणाऱ्या प्रशिक्षित माणसाला न्याय खात्याची परवानगी मिळाली तर तो कोर्टातही उभा राहू शकतो. व्हिलानोव्हा विद्यापीठ २०२० पासून त्यासाठी ऑनलाइन कोर्स चालवतं.

आपली पोरं लॉ स्कूलला गेली की कॉर्पोरेट फर्मच्या पगाराचे आकडे पार्टीत फिरतात. एखादीने "मला इमिग्रेशन डिफेन्स करायचंय" म्हटलं की आईबाप गप्प. (एका घरात बघितलंय. चहा गार झाला.)

आपल्या मराठी मंडळाच्या पुढच्या मीटिंगला दोन गोष्टी मागणार आहे. एखाद्या मुलाच्या किंवा निवृत्त काका-काकूंच्या अशा कोर्सची फी मंडळाने भरावी. दुसरं, दुभाषे. सुनावणीला कोर्ट दुभाषी देतं, पण वकिलाच्या ऑफिसात कहाणी सांगताना तो नसतो. मराठी, गुजराती, हिंदी, पंजाबी नीट येणाऱ्यांनी खाली नाव लिहा. "रांगेत उभे राहिलेले" असाल तरी चालेल.