पोळी सोडण्याआधी रक्त तपासा

घरात एखाद्या मुलाला सीलिअ‍ॅक हा गव्हामुळे आतड्याला इजा होणारा आजार निघाला की नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. मजकूर थोडाफार बदलतो, आशय तोच: आजार आनुवंशिक आहे, म्हणून सगळ्यांनी आजपासून गहू बंद करा, मग तपासणीची गरज नाही. ज्यांना जुलाब होत नाहीत त्यांना धोका नाही. तपासायचंच असेल तर जनुकांची चाचणी एकदा करून मोकळे व्हा. आणि तसाही हा पंजाब-हरियाणाकडचा आजार, भाकरी खाणाऱ्यांना तो होत नाही.

माझ्या घरात हा आजार आहे, त्यामुळे हा मेसेज वाचून गप्प बसवत नाही.

सगळ्यात घातक सल्ला पहिलाच आहे. सीलिअ‍ॅकमध्ये गहू आणि जवातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते आणि रक्तात विशिष्ट प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) तयार होतात. टीटीजी-आयजीए ही चाचणी तीच शोधते. गहू बंद झाला की प्रतिपिंडं हळूहळू उतरतात, आतड्याचं अस्तरही भरून येऊ लागतं. मग आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो आणि एंडोस्कोपीत तपासणीसाठी घेतलेला आतड्याचा तुकडाही फसवतो. खरं काय ते कळायला त्या माणसाला पुन्हा कित्येक आठवडे गहू खावा लागतो. ज्याला गहू सोडल्यावर बरं वाटलं, त्याला तो पुन्हा खायला लावणं किती जड जातं, हे ज्या घरांनी भोगलंय त्यांनाच विचारा. शिवाय निदान नसलेला माणूस पथ्य जेमतेम पाळतो. लग्नात शिरा खातो, प्रवासात पाव खातो. आजार असेल तर एवढंसं ग्लूटेनही आतड्याला पुरतं. म्हणून नातेवाइकांनी नेहमीसारखी पोळी खात असतानाच रक्त द्यावं. पथ्याचा प्रश्न त्यानंतरचा.

आनुवंशिक आहे, हे खरं. पण किती? 2015 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात रुग्णाच्या आईवडील, भावंडं आणि मुलांमध्ये मिळून सुमारे साडेसात टक्के लोकांना हा आजार आढळला. भावंडांत जवळपास 9 टक्के, मुलांत 8, आईवडिलांत 3. सर्वसाधारण लोकसंख्येत हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास असतं. म्हणजे तपासणी हवीच, पण अख्ख्या घराला रुग्ण ठरवायला काहीच आधार नाही.

जुलाब नाहीत म्हणून आजार नाही, हे तर साफ चूक. गोळ्या घेऊनही न वाढणारं हिमोग्लोबिन, न वाढणारी उंची, ठिसूळ हाडं, वरचेवर येणारं तोंड, कोपर-गुडघ्यांवर खाजणारे फोड, गर्भ न राहणं, ही सगळी त्याची रूपं असू शकतात. काहींना तर काहीच जाणवत नाही. रुग्णाच्या नात्यात असे लोक हमखास सापडतात, आणि ते सापडतात ते केवळ कोणीतरी त्यांचं रक्त तपासल्यामुळे.

जनुकांच्या चाचणीला उपयोग आहे, पण मेसेजमध्ये सांगितलाय तसा नाही. डीक्यू2 किंवा डीक्यू8 हे जनुकीय प्रकार साधारण एक तृतीयांश लोकांत असतात आणि त्यांतल्या जेमतेम तीन टक्क्यांना आजार होतो. पॉझिटिव्ह रिपोर्ट म्हणजे निदान नव्हे. दोन्ही नसतील तर मात्र सीलिअ‍ॅक जवळपास बाद होतो आणि त्या माणसाला पुन्हा पुन्हा तपासावं लागत नाही. ज्यांच्यात जनुक आहे त्यांचं ‘एकदा करून मोकळं’ होत नाही. आज टीटीजी नॉर्मल असलेल्या मुलाला पुढे आजार होऊ शकतो, अगदी प्रौढपणीही. त्यामुळे काही वर्षांनी, आणि लक्षण दिसलं तर लगेच, पुन्हा रक्त तपासायचं.

आता भाकरी. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या मोठ्या पाहणीत उत्तरेत 1.23 टक्के, ईशान्येत 0.87 आणि दक्षिणेत 0.10 टक्के प्रौढांना सीलिअ‍ॅक आढळला. पण संबंधित जनुकं तिन्हीकडे जवळपास सारख्याच प्रमाणात होती. खाण्यातल्या गव्हात मात्र मोठी तफावत होती. म्हणजे प्रांत कुणाला वाचवत नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ यांत हे ग्लूटेन नाही हे खरंच, पण आज आपल्या किती घरांत दोन्ही वेळा भाकरीच होते? डब्यात पोळी, नाश्त्याला रव्याचा उपमा, चहाबरोबर बिस्किट. त्यातच खपली गहू ‘चालतो’ अशी आणखी एक समजूत आहे. खपली हा गहूच आहे, त्यात ग्लूटेन असतं. बांधानी हिंगातही बऱ्याचदा गव्हाचं पीठ घातलेलं असतं.

डॉक्टरांकडे जाताना एक गोष्ट आठवणीनं विचारा: टीटीजी-आयजीएबरोबर रक्तातलं एकूण आयजीए (प्रतिपिंडांचा एक प्रकार) हेही तपासायचं आहे का? काहींच्या शरीरात आयजीए मुळातच कमी असतं, आणि मग आजार असूनही पहिली चाचणी निगेटिव्ह येऊ शकते.